प्रवरेचा पूर आणि श्रीरामपूर : काठापासून कालव्यापर्यंत

नदीच्या पुराचा इतिहास लिहिताना एखादे गाव, एखादी तारीख आणि पाणी कोठवर चढले याची एखादी खूण, एवढ्यावरच बहुधा लक्ष दिले जाते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात झालेला हाहाकार किंवा १९६९ च्या सप्टेंबरात नाशिकच्या गोदाघाटावर आलेला महापूर यांची वर्णने याच पद्धतीने झालेली आहेत. एका दिवसाच्या आपत्तीचे आकलन या पद्धतीने चांगले होते. परंतु ज्या प्रदेशात नदीचे पाणी शतकभर अडविले, वळविले आणि वाटले गेले, त्या प्रदेशाचा पूर असा एका दिवसात मावत नाही. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील श्रीरामपूर हे याचे ठळक उदाहरण होय.

श्रीरामपूर शहर कोणत्याही नदीच्या काठी वसलेले नाही. तालुक्याच्या उत्तरेकडून गोदावरी वाहते, दक्षिणेच्या अंगाने प्रवरा वाहते आणि शहर या दोहोंच्या मधल्या सपाटीवर उभे आहे. असे असूनही या शहराचा उदय, त्याची समृद्धी आणि त्याच्या आसमंतातील संकटे यांचा उलगडा प्रवरेच्या पुराला वगळून होत नाही. सह्याद्रीवरून उतरणारा पूर अडवून त्याचे कालव्याचे पाणी झाले आणि त्या पाण्यावर हे शहर वाढले. त्याच क्रमात पूर ही केवळ निसर्गाची घटना राहिली नाही. तिच्यात मनुष्याच्या निर्णयाचा व जबाबदारीचा अंश उत्तरोत्तर वाढत गेला. हे परिवर्तन कोणत्या टप्प्यांनी झाले आणि त्याचे परिणाम कोणाच्या वाट्यास आले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. कोरड्या आभाळाखालचा पूर

प्रवरा नदी अकोले तालुक्यात रतनगड व कुलंग यांच्या परिसरात सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावते आणि सुमारे २०० किलोमीटरांचा प्रवास करून नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. आढळा, म्हाळुंगी आणि मुळा या तिच्या प्रमुख उपनद्या होत. मुळेसह प्रवरेचे एकूण खोरे सुमारे साडेसहा हजार चौरस किलोमीटरांचे आहे. या खोऱ्याचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे पावसाची विषम वाटणी. घाटघर-रतनवाडीच्या माथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेकडे यावे तसतसे पावसाचे मान झपाट्याने घटत जाते आणि श्रीरामपूरच्या परिसरात ते सुमारे ५०० मिलिमीटरांवर येऊन ठेपते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे.

या विषमतेचा पुराशी असलेला संबंध ध्यानात घेणे अवश्य आहे. सह्याद्रीवर मुसळधार चालू असता श्रीरामपूर-बेलापूरच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरचे आभाळ कोरडे असू शकते, आणि तशा कोरड्या आभाळाखाली नदी दुथडी भरून येते. ज्याच्या शेतात पूर शिरतो त्याने तो पाऊस पाहिलेला नसतो. किंबहुना त्याच वेळी त्याचे स्वतःचे पीक पावसाअभावी करपत असण्याचाही संभव असतो. पूर आणि अवर्षण ही दोन्ही संकटे एकाच गावात, एकाच हंगामात, एकमेकांशेजारी वावरतात. कोकणातील किंवा पंचगंगेच्या खोऱ्यातील पुरापेक्षा प्रवराकाठच्या पुराचे स्वरूप वेगळे ठरते ते यामुळे. येथे पूर ही परक्या मुलखातून आलेली वार्ता असते. म्हणून वार्ता वेळेवर पोहोचणे हा येथील पूरसंरक्षणाचा पहिला प्रश्न होय.

गोदावरीच्या बाजूसही स्थिती याहून निराळी नाही. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागातील पाऊस दारणा, गंगापूर आदी धरणांतून व मुक्त नाल्यांतून नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी एकत्र येतो आणि तेथून कोपरगाव, पुणतांबे या मार्गाने श्रीरामपूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर येतो. या सीमेवरील सराला बेट हे गंगागिरी महाराजांच्या परंपरेचे स्थान. मोठ्या पुरात नदी त्यास दोन्ही अंगांनी वेढते. गोदावरीस या भागातील लोक 'गंगा' म्हणतात आणि तिच्या काठच्या मुलखास 'गंगाथडी' हे जुने नाव आहे. नावातच काठाचा उल्लेख असलेला हा प्रदेश नदीशी किती निगडित होता हे त्यावरून कळते.

२. काठावरची वस्ती

प्रवराकाठी मनुष्यवस्ती अतिप्राचीन काळापासून आहे. नेवासे परिसरातील नदीच्या गाळथरांत अश्मयुगीन हत्यारे सापडली आहेत. डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनी १९५० नंतर जोर्वे व नेवासे येथे केलेल्या उत्खननांनी या खोऱ्यास महाराष्ट्राच्या आद्य इतिहासात मानाचे स्थान मिळवून दिले. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद हे स्थळ बी. पी. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये शोधले, तेथे म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी १९५८ ते १९७९ या काळात निरनिराळ्या वेळी उत्खनने केली. १९७४ मध्ये येथे मिळालेले बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हे चार ओतीव धातुशिल्पांचे नमुने सर्वश्रुत आहेत. सावळदा संस्कृतीपासून जोर्वे संस्कृतीपर्यंत सुमारे एक हजार वर्षांहून अधिक काळ या प्रवराकाठच्या टेकाडावर लोक राहत होते.

या ठिकाणी लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी नदीचा काठ पुराच्या भीतीने टाळला नाही. पुराने आणलेला गाळ, नदीपात्रातील डोहांचे पाणी आणि काठची सुपीक जमीन यांचे आकर्षण पुराच्या धोक्याहून अधिक होते. पुराशी जुळवून घेण्याचे तंत्रही त्यांस काही अंशी अवगत असावे. भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीवरील इनामगाव येथे, पुराचे पाणी वळविण्यासाठी बांधलेला बांध व पाट उत्खननात उघडकीस आले आहेत. पुढे ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाच्या आरंभी गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील अशा बहुतेक वस्त्या उजाड झाल्या. डॉ. म. के. ढवळीकर यांनी त्याचे कारण वाढत्या अवर्षणात शोधले. हा सिद्धान्त मान्य केल्यास असे म्हणावे लागेल की, या नदीने आपल्या काठची पहिली गावे जादा पाण्याने उठविली नाहीत. तिचे पाणी आटल्याने ती उठली.

ऐतिहासिक काळातही काठाचे महत्त्व टिकून राहिले. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी लिहिली गेली ती प्रवराकाठच्या नेवाशात. गोदाकाठचे पुणतांबे, प्रवरासंगमाजवळचे टोके, प्रवरेवरचे बेलापूर व उक्कलगाव ही गावे, त्यांची देवळे व घाट पाण्याच्या अगदी सान्निध्यात उभे राहिले. पूर ओसरल्यावर मागे राहणाऱ्या गाळाच्या जमिनीस महसुली भाषेत 'मळई' म्हणतात. अशी जमीन नदीने एका काठावरून काढून दुसऱ्या काठास द्यावी, यात कोणास नवल वाटत नसे. पूर हा तेव्हा नुकसान करणारा असला तरी देणाराही होता, आणि त्याचे देणेघेणे काठच्या गावापुरते मर्यादित होते.

३. पूर अडविण्याची कल्पना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवस्थेत बदल घडू लागला. १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी नगर जिल्ह्याची जी दशा केली, तिच्यातून सरकारी धोरणाचा एक नवा विचार दृढ झाला : पश्चिमेस वाया जाणारा पावसाळी पूर डोंगरातच साठवावा आणि पूर्वेच्या दुष्काळी मुलखास कालव्याने पुरवावा. १९०१-०३ च्या भारतीय पाटबंधारे आयोगाने दुष्काळनिवारक पाटबंधाऱ्यांच्या धोरणास जोराची चालना दिली. त्यापूर्वीही प्रवरेवर ओझर व लाख येथून लहान कालवे निघाले होते. परंतु नदीच्या चालू प्रवाहावर अवलंबून असल्यामुळे उन्हाळ्यात, म्हणजे पाण्याची निकड सर्वाधिक असताना, ते निरुपयोगी ठरत.

या विचाराचे मूर्त रूप म्हणजे भंडारदऱ्याचे धरण. १९१० मध्ये काम सुरू होऊन १९२६ मध्ये ते पूर्ण झाले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे ८२ मीटर उंचीचे हे दगडी धरण त्या काळी देशातील सर्वांत उंच धरणांत गणले जाई. त्याची साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातूनच ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डावा व उजवा हे प्रवरा कालवे निघतात. डावा कालवा राहाता-श्रीरामपूरच्या बाजूस पाणी नेतो.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. भंडारदऱ्याच्या वरचे पाणलोट क्षेत्र जेमतेम १२० चौरस किलोमीटर आहे. खोऱ्याच्या एकूण क्षेत्रफळाशी तुलना करता हा अंश अत्यल्प. मात्र सर्वाधिक पाऊस पडतो तो याच अंशात. हे धरण पूरनियंत्रणासाठी बांधलेले नव्हते. ते भरून ठेवण्यासाठी बांधलेले होते. या दोन हेतूंत स्वाभाविक विरोध आहे. पूर अडवावयाचा तर पावसाळ्यात जलाशय काही प्रमाणात रिकामा ठेवावा लागतो. रब्बीचे व उन्हाळ्याचे पाणी निश्चित करावयाचे तर तो शक्य तितक्या लवकर भरून घ्यावा लागतो. ऑगस्टच्या मध्यास धरण भरले की लाभक्षेत्रात समाधान पसरते, परंतु त्यानंतर येणारा प्रत्येक लोंढा जसाच्या तसा खाली सोडावा लागतो. समाधानाचा दिवस आणि धोक्याचा आरंभ हे एकाच तारखेस येतात, ही प्रवरेच्या नव्या व्यवस्थेतील मूळची अडचण होय.

४. स्टेशनाचे गाव

श्रीरामपूरचा उदय या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. नगरच्या पठारावरून उतरून हा मार्ग प्रवरा व गोदावरी या दोन्ही नद्या ओलांडतो आणि त्यांच्यामधील सपाटीवरून जातो. प्रवराकाठच्या बेलापूर गावासाठी काही अंतरावर जे स्टेशन झाले त्यास 'बेलापूर रोड' असे नाव पडले. तेव्हा तेथे बाजारपेठ नव्हती. बेलापूरकडे जाणाऱ्या प्रवाशाने उतरावयाची ती जागा होती. पुढे या स्टेशनाभोवती श्रीरामपूर वाढले आणि ज्या गावाच्या नावाने ते ओळखले जाई, त्या गावास मागे टाकून गेले.

या स्थलांतराचे कारण पूर होते असे म्हणता येणार नाही. माल आगगाडीने जाऊ लागला म्हणून व्यापारी स्टेशनाकडे सरकले आणि कालव्याचे पाणी मधल्या सपाटीवर खेळू लागले म्हणून शेती तिकडे सरकली. परंतु परिणाम मात्र पुराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा झाला. अडीच-तीन हजार वर्षे या प्रदेशातील संपत्ती व लोकवस्ती पाण्याच्या काठाला बिलगून होती. लोहमार्ग व कालवा यांनी ती काठापासून सोडविली. पाणी मनुष्याकडे आले आणि मनुष्यास पाण्याकडे जाण्याची गरज उरली नाही. पुराच्या कक्षेबाहेर राहून पुराचे पाणी वापरण्याची सोय प्रथमच उपलब्ध झाली.

या सोयीवर जे उद्योग उभे राहिले त्यांत साखरेचा धंदा प्रमुख. बेलापूर कंपनीने हरेगाव येथे साखर कारखाना काढला. पुढे टिळकनगर येथेही कारखाना झाला. सासवडकडचे माळी बागाइतदार गोदावरी व प्रवरा कालव्यांवर येऊन उसाची शेती करू लागले. कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि त्यांतून पुढे खंडकरी शेतकऱ्यांचा दीर्घ लढा निर्माण झाला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ मालकांच्या वारसांना त्या परत मिळण्यास अर्धशतक लोटले. कालव्याच्या याच पट्ट्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना स्थापन झाला व १९५० च्या अखेरीस त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. घाटमाथ्यावरील पावसाचे पाणी साखरेच्या पोत्यांत रूपांतरित होऊन बेलापूर रोडच्या मालधक्क्यावरून बाहेर पडू लागले, असे या व्यवस्थेचे वर्णन करता येईल.

५. संथ पूर

कालव्याच्या समृद्धीबरोबर आलेल्या एका आपत्तीची नोंद पुराच्या इतिहासात क्वचितच होते. खोल काळ्या जमिनीस उन्हाळ्यातही सतत पाणी मिळू लागल्याने भूजलाची पातळी वर चढली. निचरा नसलेल्या सखल भागांतील जमिनी प्रथम चिबड झाल्या आणि पुढे क्षार वर येऊन खारवट व चोपण बनल्या. दख्खनच्या कालवा-क्षेत्रांत, नीरेवर तसेच प्रवरेवर, हा रोग विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापासूनच दिसू लागला. १९१६ मध्ये मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांचा अभ्यास करण्यासाठी जो विशेष विभाग निर्माण केला, त्याच्या आरंभीच्या कामांत जमिनींच्या या बिघाडाचा प्रश्न होता. याच विभागातून पुढे पुण्याजवळील खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र विकसित झाले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर सुचविलेली ब्लॉक पद्धती, म्हणजे ठरावीक क्षेत्रास ठरावीक पिकांसाठी पाण्याची दीर्घ मुदतीची हमी, ही पाणी बेताने वापरले जावे याच उद्देशाने पुढे प्रसृत झाली. निचऱ्यासाठी चर खोदण्यात आले. तथापि उसाच्या क्षेत्रात प्रश्न पूर्णपणे मिटला नाही.

या घटनेस 'संथ पूर' म्हणणे अप्रस्तुत होणार नाही. नदीचा पूर दोन दिवसांत ओसरतो व मागे मळई ठेवून जातो. जमिनीच्या पोटातून वर येणारा पूर वर्षानुवर्षे ओसरत नाही आणि मागे ठेवतो तो क्षार. पहिल्याचे पंचनामे होतात. दुसऱ्याची तारीखच सांगता येत नसल्यामुळे पंचनामा कशाचा करावा हा प्रश्न पडतो. शिवाय दोघांची झळ वेगवेगळ्या माणसांस लागते. नदीच्या पुराचा तडाखा काठच्या गावास बसतो, तर चिबडीचा तडाखा कालव्याच्या खालच्या अंगास असलेल्या, बहुधा लहान, खातेदारास बसतो. वरच्या शेतातील जादा पाणी त्याच्या बांधाखालून त्याच्याकडे येते आणि त्यावर त्याचा ताबा नसतो.

६. १९६९ चा सप्टेंबर

या प्रदेशाच्या पूरविषयक इतिहासात १९६९ चा सप्टेंबर महिना निर्णायक मानावा लागेल. त्या महिन्यात गोदावरीस नाशिकपासून कोपरगावापर्यंत महापूर आला. नाशिककरांच्या स्मरणात पुराचे माप म्हणून तो अजूनही वापरला जातो. याच महिन्यात प्रवरेवर, भंडारदऱ्याचा जलाशय भरलेला असताना, धरणाच्या भिंतीस खालच्या बाजूने भेगा दिसून आल्या आणि त्यांतून पाणी बाहेर पडू लागले.

धरण फुटले नाही. पुढील काही वर्षांत भिंतीस मागून आधारस्तंभ देऊन ती बळकट करण्यात आली आणि धरण आजतागायत कार्यरत आहे. घटना टळली म्हणून तिचे वर्णन इतिहासग्रंथांत फारसे आढळत नाही. परंतु टळलेल्या संकटाचे मापही घेणे इतिहासाचे काम आहे. साधे गणित करून पाहावे. ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी चोवीस तासांत समप्रमाणात बाहेर पडले असते तर प्रवाह दर सेकंदास सुमारे १,२८,००० घनफूट झाला असता. सहा तासांत बाहेर पडले असते तर तो त्याच्या चौपट, म्हणजे पाच लाख घनफुटांहून अधिक झाला असता. प्रत्यक्षात फुटणाऱ्या धरणाचा प्रवाह समप्रमाणात कधीच नसतो; आरंभीचा लोंढा याहूनही उग्र असतो. त्या लोंढ्याच्या वाटेत अकोले व संगमनेर ही गावे नदीकाठी होती आणि पुढे श्रीरामपूर तालुक्यातील बेलापूर, उक्कलगाव यांसारखी गावे होती.

या प्रसंगाचा अर्थ त्याआधीच्या दोन घटनांच्या संदर्भात स्पष्ट होतो. १९६१ च्या पानशेत प्रसंगाने धरण फुटू शकते हे महाराष्ट्रास शिकविले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने दख्खनच्या कठीण खडकावर उभे असलेले दगडी किंवा काँक्रीटचे धरणही निर्धोक नाही हे दाखविले होते. भंडारदऱ्याने तिसरा धडा दिला : धरण जुने होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दगडी धरणांची रचना करताना पायातून व सांध्यांतून वर रेटणाऱ्या पाण्याच्या दाबाचा विचार नंतरच्या काळाइतका केला जात नसे. चुन्याच्या दर्जातही काळाने फरक पडतो. ज्या भिंतीने १९२६ पासून श्रीरामपूरच्या शेतीस स्थैर्य दिले, तीच भिंत ४३ वर्षांनी त्या शेतीच्या वरच्या अंगास टांगलेले संकट ठरू शकते, हे तेव्हा प्रथम उमगले. पुढे राज्यात धरणांच्या सुरक्षिततेसाठी नाशिक येथे स्वतंत्र संघटना कार्य करू लागली आणि २०२१ मध्ये संसदेने धरण सुरक्षा अधिनियम संमत केला. यांतील प्रत्येक पाऊल अशा प्रसंगांच्या अनुभवातून पडले आहे.

७. विसर्ग आणि हिशेब

१९७० नंतर खोऱ्याचे चित्र पुन्हा पालटले. मुळेवर बारागाव नांदूर येथे सुमारे २६ टीएमसी क्षमतेचे धरण झाले. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट. गोदावरीवर पैठण येथे जायकवाडीचा विशाल जलाशय झाला : १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण. त्याची एकूण क्षमता १०० टीएमसीहून अधिक असून जलाशयाचा फुगवटा प्रवरासंगमापर्यंत येतो. भंडारदऱ्याच्या खाली निळवंडे येथे सुमारे ८.३२ टीएमसी क्षमतेचे धरण उभे राहिले आणि त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३ च्या ऑक्टोबरात झाले. नदी आता जलाशयांची एक साखळी बनली आहे.

त्यामुळे पुराची भाषाच बदलली. 'नदीस पूर आला' याऐवजी 'धरणातून विसर्ग वाढविला' असे बोलले जाऊ लागले. २००८ चा सप्टेंबर, २०१६ चा ऑगस्ट आणि २०१९ चा ऑगस्ट या काळांत नाशिक येथे गोदावरीस आलेल्या पुरांच्या वेळी खालच्या गावांचे लक्ष आकाशाकडे लागण्याऐवजी नांदूरमध्यमेश्वरच्या आकड्याकडे लागलेले होते. क्यूसेक हा शब्द, म्हणजे दर सेकंदास एक घनफूट, गावच्या पारावर रुळला. २००६ च्या ऑगस्टात जायकवाडीच्या विसर्गाने पैठण शहरात पाणी शिरले. मोठ्या धरणाच्या लगत खाली असणे म्हणजे निर्धास्तता नव्हे, हे त्या प्रसंगाने दाखविले. नदीपात्रातील लहान बांधकामांनाही या भाषेत स्थान आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या पावसाळ्यापूर्वी काढल्या नाहीत, किंवा काढता आल्या नाहीत, तर पूर बंधाऱ्यास वळसा घालून काठच कापून नेतो आणि त्या काठाबरोबर उभा ऊस व विहीर जाते. अनिर्बंध वाळूउपशाने पात्र खोल झाले म्हणजे काठ ढासळण्यास आणखी वाव मिळतो.

याच काळात पुरास हिशेबाचे रूप आले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. ऊर्ध्व गोदावरी खोऱ्यातील धरणांचे परिचालन कसे करावे याविषयी मेंढेगिरी समितीने सूत्र सुचविले. त्या सूत्राच्या आधारे २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यासंबंधी निर्णय दिला. पावसाळ्याअखेर जायकवाडीतील साठा ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा आदी वरच्या धरणांतून पाणी खाली सोडावे लागते. याचा परिणाम श्रीरामपूरच्या लाभधारकाच्या मनोवृत्तीवर सूक्ष्मपणे झाला आहे. गोदावरीस व प्रवरेस चांगला पूर येऊन जायकवाडी भरले तर वरच्या धरणांचे पाणी वाचते आणि त्याचे उन्हाळी आवर्तन सुरक्षित राहते. म्हणजे नदीकाठच्या ज्या पुराने एका गावाचे नुकसान होते, त्याच पुराने मधल्या सपाटीवरील दुसऱ्या गावाच्या पाटपाण्याची निश्चिती होते. एकाच तालुक्यात एकाच पुराचे दोन अर्थ होतात. आणि हे दोन अर्थ बाळगणारी माणसे पुष्कळदा एकाच कुटुंबात, एकाच सात-बारावर असतात.

८. उपसंहार

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, श्रीरामपूरसारख्या शहराच्या बाबतीत पुराचा परिणाम नदीपासूनच्या अंतराने मोजता येत नाही. शहर पुरापासून दूर आहे. पण त्याची बाजारपेठ, त्याचे कारखाने आणि त्याच्या परिसरातील जमिनींचे सुख-दुःख हे अडविलेल्या पुराचेच परिणाम होत. दुसरा असा की, काठापासून सुटका झाल्याने धोका नाहीसा झाला नाही. तो स्थानांतरित झाला. काही धोका धरणाच्या भिंतीत गेला, काही कालव्याखालच्या चिबड जमिनीत गेला आणि उरलेला, पूर्वीपेक्षा कमी लोकांच्या पण अधिक दुर्बळ लोकांच्या वाट्यास, काठच्या गावांतच राहिला. बेलापूरचे व्यापारी स्टेशनाकडे जाऊ शकले. काठच्या मळईवर ज्याचे पोट होते त्याला जाता आले नाही.

तिसरा निष्कर्ष साधनांविषयी आहे. दायमाबादच्या टेकाडाचा व नदीच्या गाळथरांचा अभ्यास भूपुरातत्त्वज्ञ करतात. महसुली नोंदी व पंचनामे इतिहासकार वाचतात. धरणांच्या साठ्याच्या व विसर्गाच्या नोंदवह्या अभियंत्यांकडे राहतात. या तिन्ही साधनांचा परस्परांशी मेळ घातल्याखेरीज या खोऱ्याचा पूरेतिहास पूर्ण होणार नाही. विशेषतः विसर्गाच्या नोंदवहीस ऐतिहासिक साधन म्हणून मान्यता मिळणे अगत्याचे आहे. कोणत्या तासाला किती पाणी सोडले, त्याची सूचना खालच्या गावांस केव्हा पोहोचली आणि तोवर नदी किती चढली होती, या तीन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे त्या पुरात निसर्गाचा वाटा किती व निर्णयाचा किती हे निश्चित करता येईल. कोरड्या आभाळाखाली पूर पाहणाऱ्या प्रदेशात नुकसानभरपाईचा, दोषाचा आणि भावी दक्षतेचा विचार या निश्चितीवरच अवलंबून राहील.